तुळई, कडी, खांब : घराच्या सांगाड्यासाठी लाकडाची निवड

घराच्या सांगाड्यात लाकडाला तीन कामे असतात. खांब उभा राहून वरचे वजन जमिनीकडे नेतो. तुळई आणि तिच्यावरच्या कड्या आडव्या राहून दोन टेकूंमधले वजन पेलतात. वासे आणि कैच्या छपराचे ओझे व वाऱ्याचा जोर भिंतींवर उतरवतात. दाराची चौकट, खिडकी, कपाट यांचा हिशेब वेगळा असतो. तिथे रंग, रेषा आणि पॉलिश पाहिले जाते. सांगाड्यातल्या लाकडाचे मोल मात्र ते वजनाखाली किती वाकते, वाळताना किती हलते आणि ओल लागल्यावर किती वर्षे टिकते यावरून ठरते. गिऱ्हाईक वखारीत जाऊन पहिल्यांदा जात विचारते आणि मग दर. खरे तर लाकडाचे काम, गाळ्याची म्हणजे दोन टेकूंमधल्या अंतराची लांबी आणि ओलीचा संभव हे तीन प्रश्न आधी सुटले, की जातीचा प्रश्न बराचसा आपोआप सुटतो.

हैदराबादच्या पूर्व भागात, मुसी नदीच्या उत्तर काठावर असलेल्या अंबरपेठेत नव्या घराचा सांगाडा आता लाकडाचा नसतो. ती जागा काँक्रीटने घेतली आहे. तरीही लाकूड निवडण्याची वेळ येतेच. जुन्या घराची एखादी कडी किडते आणि बदलावी लागते. गच्चीवर हलके कौलारू किंवा पत्र्याचे छप्पर घालायचे असते. उंच खोलीत पोटमाळा काढायचा असतो. अशा वेळी काँक्रीटच्या हिशेबाने विचार करणारा ठेकेदार लाकूड अंदाजाने सांगतो आणि सुतार सवयीने. दोघांचाही अनुभव मोलाचा असतो. पण लाकडाला स्वतःचे शास्त्र आहे, आणि घरमालकालाही समजावे इतके ते सोपे आहे.

दख्खनच्या या भागात घराचा सांगाडा लाकडाचा करण्याची परंपरा जुनी आहे. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होता, त्यामुळे औरंगाबाद-लातूरकडची आणि हैदराबादची बांधणी एकमेकींना परकी नव्हती. शहरातल्या जुन्या घरांत सागवानी कड्यांवर फरशी किंवा विटा-चुन्याचा थर घालून छत केलेले आढळते. पुढे कड्यांच्या जागी लोखंडी गर्डर आले आणि त्यांच्यामध्ये विटांच्या उथळ कमानी बसल्या. मराठवाड्याच्या खेड्यांत माळवदाचे घर असे. दगडी उथळ्यांवर खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, त्यांवर लहान काटक्या-फळ्यांचे किलचण आणि सर्वांत वर पांढऱ्या मातीचा जाड थर. दोन खांबांमधल्या जागेला खण म्हणत आणि घराचे मोठेपण खणांच्या संख्येवर सांगत. खण आखूड ठेवण्यामागे व्यवहार होता. खण आखूड तर कडी आखूड, आणि आखूड कडीला साधे बाभळीचे किंवा लिंबाचे लाकूडही चालते. ज्याला साग परवडत होता तो साग लावी; ज्याला नव्हता तो गाळा कमी करून त्याच वजनाला पुरून उरे.

या घरांची परीक्षा ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झाली. किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे गेली. त्यातले बहुसंख्य बळी मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वरचे मातीचे ओझे कोसळून गेले. जिथे माळवदाचे वजन भिंतींवर न टेकता स्वतंत्र लाकडी खांबांवर टेकले होते, अशा कितीतरी घरांत भिंती बाहेर पडल्या, पण लाकडी सांगाडा उभा राहिला. याच घरांनी सांगाड्याचे दोषही दाखवले. खांब उथळ्यावर नुसता ठेवलेला, तुळई खांबावर नुसती टेकवलेली, आणि तिरपा आडकाठीचा आधार कुठेच नाही. शिवाय ओझे अफाट होते. पाऊस गळू नये म्हणून दरवर्षी थोडी थोडी माती वाढवत नेलेल्या माळवदाची जाडी अर्धा मीटरही होई. मातीचे वजन घनमीटरला १६०० किलो धरले तर असे छत दर चौरस मीटरला ८०० किलो भरते. पाच इंची काँक्रीटच्या स्लॅबचे वजन साधारण ३१० किलो असते, म्हणजे माळवद त्याच्या अडीचपट जड. लाकडाची निवड कितीही चांगली असली तरी ओझ्याची निवड चुकली तर ती वाया जाते, हे किल्लारीने फार मोठी किंमत घेऊन शिकवले. हैदराबाद भारतीय मानकानुसार कमी धोक्याच्या दुसऱ्या भूकंपक्षेत्रात येते. पण किल्लारीचा परिसर तर १९९३ मध्ये सर्वांत कमी धोक्याच्या, म्हणजे पहिल्या क्षेत्रात गणला जात होता. २००२ च्या सुधारणेत पहिले क्षेत्रच रद्द झाले आणि लातूरचा भाग तिसऱ्या क्षेत्रात गेला. म्हणून अंबरपेठेतही तुळई-खांबाचा जोड केवळ वजनाच्या भरवशावर सोडणे योग्य नाही. लोखंडी पट्टी आणि बोल्ट यांचा खर्च लाकडाच्या मानाने किरकोळ असतो.

आता लाकूड वाकते कसे, याकडे. आडवी कडी वजनाखाली वाकते तेव्हा तिची वरची बाजू दाबली जाते आणि खालची ताणली जाते. कडी मोडणे ही एक गोष्ट आणि कडीला झोळ येणे ही दुसरी. पहिल्या गोष्टीला मजबुती लागते, दुसरीला ताठपणा. घरातल्या नेहमीच्या गाळ्यांत कडी मोडण्याच्या कितीतरी आधी झोळाने निकामी होते. छताला तडे जातात, वरची फरशी हलते, दारे घासू लागतात. म्हणूनच सांगाड्याच्या लाकडाचे भारतीय मानक, आय.एस. ८८३, लाकडांचे गट पाडते ते ताठपणाच्या अंकावर. स्थितिस्थापकतेचा हा अंक दर चौरस मिलिमीटरला १२,६०० न्यूटनच्या वर असेल तर ‘अ’ गट, ९,८०० ते १२,६०० असेल तर ‘ब’ गट, आणि ५,६०० ते ९,८०० असेल तर ‘क’ गट. साल ‘अ’ गटात येतो, साग ‘ब’ गटात, देवदार ‘क’ गटात.

इथे अनेकांना नवल वाटते. साग हे लाकडांतले पहिल्या क्रमांकाचे, मग तो दुसऱ्या गटात कसा? ताठपणात आणि मजबुतीत साल सागाला मागे टाकतो, हे मोजून सिद्ध झालेले आहे. सागाचे श्रेष्ठत्व दुसरीकडे आहे. तो वाळताना कमी आकसतो, वाळल्यावर फारसा पिळवटत नाही, त्याच्या गाभ्यातली नैसर्गिक द्रव्ये वाळवी आणि बुरशी यांना दूर ठेवतात, आणि हे सगळे तो मध्यम वजनात देतो. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेने देशातल्या लाकडांची तुलना करताना सागाला १०० मानून बाकीच्यांचे अंक काढले, यातच त्याचे स्थान कळते. तो मापदंड झाला, कारण त्याच्यात कुठलाच गुण फार उणा नाही.

ताठपणाचा हिशेब एका खोलीवर करून पाहता येतो. समजा अंबरपेठेतल्या एका घरात ३.६ मीटर, म्हणजे जवळजवळ बारा फुटांच्या गाळ्यावर पोटमाळा घालायचा आहे. कड्या अर्ध्या मीटरवर एक अशा ठेवल्या. माणसे आणि सामान यांचे वजन दर चौरस मीटरला २०० किलो आणि फळ्या-कड्यांचे स्वतःचे १०० किलो धरले, तर प्रत्येक कडीवर दर मीटर लांबीला १५० किलो येतात. यासाठी ७५ मि.मी. रुंद आणि १७५ मि.मी. उंच, म्हणजे तीन इंच बाय सात इंचाची सागवानी कडी घेतली. तिच्या तंतूंवर येणारा ताण दर चौरस मिलिमीटरला साधारण ६.३ न्यूटन निघतो. घरातल्या कोरड्या जागी ‘ब’ गटाच्या पहिल्या प्रतीच्या लाकडाला १२ न्यूटनची मुभा आहे. मजबुती जवळजवळ दुप्पट शिल्लक आहे. पण झोळ निघतो १० मि.मी., आणि खाली तडकणारे छत असेल तर मानकाची मर्यादा गाळ्याच्या ३६० व्या भागाची, म्हणजे नेमकी १० मि.मी. आहे. कडी जेमतेम पास होते, आणि ती ताठपणाच्या कसोटीवर जेमतेम पास होते. याच मापात ‘क’ गटातले सर्वांत नरम लाकूड लावले तर झोळ साडेसतरा मि.मी.वर जातो आणि साध्या छताची २४० व्या भागाची, म्हणजे १५ मि.मी.ची मर्यादाही ओलांडतो.

आता त्याच सागाची चार इंच बाय सहा इंचाची कडी घेऊ. लाकूड १४ टक्के जास्त लागते, म्हणजे पैसेही तेवढे जास्त; तरी झोळ वाढून सुमारे १२ मि.मी. होतो. कारण ताठपणा रुंदीच्या पटीत वाढतो, पण उंचीच्या घनाच्या पटीत. तीन बाय सातची कडी चुकून आडवी बसवली तर तिचा झोळ साडेपाच पटींहून थोडा कमी, म्हणजे ५४ मि.मी.च्या आसपास जाईल. लाकूड उभ्या मापात घेणे ही बचतीची सर्वांत खात्रीची वाट आहे, आणि वखारीत चौकोनी कडी ‘भक्कम’ म्हणून गळ्यात मारली जाते तेव्हा ती आठवावी. उंचीलाही मर्यादा आहे. ती रुंदीच्या तिपटीपेक्षा जास्त झाली तर कडी आडवी कलंडू नये म्हणून मध्ये आडकाठ्या द्याव्या लागतात. रुंदी ५० मि.मी. किंवा गाळ्याचा पन्नासावा भाग, यातली जी जास्त असेल तिच्यापेक्षा कमी नसावी. आणि गाळा दुप्पट केला तर त्याच दराच्या वजनाखाली झोळ सोळापट होतो. मधे एक खांब किंवा तुळई घालून गाळा निम्मा करणे हे महागडे लाकूड विकत घेण्यापेक्षा कितीतरी परिणामकारक ठरते. खणांचे घर बांधणाऱ्या सुतारांना हे आकडेमोडीवाचून ठाऊक होते.

जात आणि माप ठरले तरी वखारीतला प्रत्येक नग सारखा नसतो. एकाच सागाच्या दोन कड्यांमध्ये जो फरक असतो तो कधी कधी साग आणि दुसऱ्या जातीमधल्या फरकाहून मोठा असतो. पाहायच्या गोष्टींत पहिली तंतूंची दिशा. झाडाचे तंतू बुंध्याच्या लांबीत धावतात. आऱ्यावर कापताना नग तिरपा पडला किंवा झाडच पीळदार असले, तर तंतू कडीच्या कडेला बाहेर पडतात आणि ओझ्याखाली तिथेच फाटतात. पहिल्या प्रतीत हा कल पंधरास एक, म्हणजे पंधरा इंचांत एक इंच, यापेक्षा जास्त चालत नाही. निवडक प्रतीत तो वीसास एक असावा लागतो, दुसऱ्या प्रतीत बारास एक चालतो. लाकडावरच्या बारीक वाळचिरा तंतूंच्या दिशेनेच जातात, त्यामुळे त्या पाहून कल सहज मोजता येतो. निवडक प्रतीला पहिल्या प्रतीच्या १.१६ पट ताणाची मुभा आहे आणि दुसऱ्या प्रतीला ०.८४ पट, म्हणजे एकाच जातीत, एकाच मापात, केवळ निवडीवर एक-तृतीयांशाहून जास्त फरक पडतो.

दुसरी गोष्ट गाठी. गाठ म्हणजे फांदीचा बुडखा; तिच्याभोवती तंतू वळसा घालून जातात. गाठ कुठे आहे याला फार महत्त्व आहे. कडीच्या मधल्या एक-तृतीयांश भागात, खालच्या कडेला असलेली गाठ सर्वांत घातक, कारण तिथे ताण सर्वाधिक असतो. तीच गाठ वरच्या कडेला किंवा उंचीच्या मध्यावर आली तर फारसे बिघडत नाही. म्हणून चांगला सुतार कडी चढवण्यापूर्वी उलटसुलट करून पाहतो आणि गाठीची बाजू वर ठेवतो. तिसरी गोष्ट गर. बुंध्याचा अगदी मधला मऊ भाग ज्या नगात आला, तो वाळताना त्याच भागातून चिरत जातो. खांबाला हे काही प्रमाणात चालते, कडीला नाही.

चौथी गोष्ट, आणि आजच्या बाजारात सर्वांत महत्त्वाची, म्हणजे गाभा आणि सालीलगतचे फिकट लाकूड यांचे प्रमाण. सागाची कीर्ती त्याच्या गाभ्याची आहे. सालीलगतच्या फिकट लाकडात झाडाचे अन्न साठलेले असते. त्या पिठूळ द्रव्यावर भुंगे जगतात आणि लाकडाचा भुगा करतात. त्या भागाला वाळवीही सोडत नाही. जाड, वयस्क बुंध्यात गाभा मोठा असतो. लवकर तोडलेल्या लागवडीच्या सागात फिकट लाकडाचा वाटा मोठा. दोन्ही नगांच्या पावतीवर ‘साग’ एवढेच लिहिलेले असते. सांगाड्यात फिकट लाकूड येणारच असेल तर त्यावर रासायनिक प्रक्रिया झालेली असली पाहिजे.

हैदराबादच्या बाजारात अस्सल सागासाठी एक नाव पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे, ते बल्लारशाचे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातला, आलापल्लीकडचा साग बल्लारशाच्या आगारात येतो आणि तिथून लिलावाने दूरदूर जातो. १९२९ मध्ये काझीपेठ-बल्लारशा हा लोहमार्ग पुरा झाला आणि हे आगार हैदराबादच्या थेट वाटेवर आले. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये याच भागातला साग गेला आणि ती दारे घडवण्याचे काम हैदराबादच्या एका कंपनीकडे होते. गोदावरीच्या दोन्ही काठांवरची, आदिलाबादकडची सागाची जंगलेही फार दूर नाहीत. पण बल्लारशाचा म्हणून विकला जाणारा सगळा माल तिथला असतोच असे नाही. वनखात्याचा वाहतूक परवाना आणि आगाराच्या खुणा हाच त्याचा पुरावा; विक्रेत्याचा शब्द हा पुरावा नव्हे.

बाकीचा बाजार परदेशी लाकडांनी भरला आहे, आणि त्याचीही कारणे नोंदलेली आहेत. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन प्रकरणात जंगलतोडीवर आणि विनापरवाना आरा गिरण्यांवर कडक निर्बंध घातले. १ एप्रिल २०१४ पासून म्यानमारने ओंडक्यांची निर्यात बंद केली आणि ब्रह्मी साग दुर्मीळ झाला. त्या जागी घाना आणि आफ्रिकेतल्या इतर देशांतला लागवडीचा साग आला. तो साग खराच, पण बारीक घेराचा, गाठाळ आणि फिकट लाकडाचा वाटा जास्त असलेला. ‘मलेशियन साल’ या नावाखाली आग्नेय आशियातली सालाच्या वंशातली जड लाकडे येतात. ताठ असतात, खिळा सहज घेत नाहीत, छिद्र पाडून स्क्रू किंवा बोल्ट घालावा लागतो. सांगाड्यासाठी ती वाईट नाहीत, मात्र त्या एका नावाखाली अनेक जाती खपतात, म्हणून वजन आणि नग पाहूनच घ्यावीत. न्यूझीलंडचा पाइन हलका, सरळ आणि स्वस्त. पण त्याला स्वतःची रोगप्रतिकारशक्ती जवळजवळ नाही. प्रक्रिया न केलेला पाइन सेंट्रिंगला चालतो, कायमच्या छपराला नाही.

देशी लाकडांपैकी ऐन जड आणि मजबूत आहे, पण वाळताना चिरतो. बिबळा उत्तम, पण मिळणे कठीण. बाभूळ चिवट, मात्र लांब सरळ नग क्वचित निघतो, म्हणून ती आखूड गाळ्याला आणि खांबाला योग्य. निलगिरीचे तंतू पीळदार असतात आणि ती वाळताना वळते. तिच्या गोल बल्ल्या मात्र उपयोगी पडतात. न कापलेल्या गोल बल्लीचे तंतू अखंड राहतात, त्यामुळे मापाच्या मानाने ती कापलेल्या कडीपेक्षा दमदार असते. तात्पुरत्या मांडवाला किंवा हलक्या छपराला बल्ली चांगली, बुडख्याला प्रक्रिया केलेली असावी. आंबा सांगाड्यात घालूच नये.

ओल हा या विषयाचा गाभा आहे. ताज्या तोडलेल्या लाकडात पाणी दोन ठिकाणी असते : पेशींच्या पोकळीत मोकळे आणि पेशींच्या भिंतीत मुरलेले. मोकळे पाणी जाते तेव्हा लाकूड हलके होते, आकसत नाही. ओल २५ ते ३० टक्क्यांच्या खाली गेली की भिंतीतले पाणी सुटू लागते, आणि तिथून पुढे लाकूड आकसते, ताठ होते आणि मजबूतही होते. वाढवलयांच्या दिशेने ते वलयांना काटकोनात असलेल्या दिशेच्या सुमारे दुप्पट आकसते. लाकूड वाकडे होते ते याच तफावतीमुळे. सागासारख्या शहाण्या लाकडाची १७५ मि.मी. उंचीची ओली कडीही वाळेपर्यंत चार-पाच मि.मी. कमी होऊ शकते, आणि तेवढ्याने वरची फरशी बसते, खालचे जोड ढिले पडतात. शिवाय ओल्या अवस्थेत वजन चढवलेल्या कडीला वाळता वाळता कायमचा झोळ येतो. तो सुरुवातीच्या झोळाच्या दुपटीहून जास्त होऊ शकतो आणि वजन काढले तरी जात नाही.

किती वाळलेले लाकूड हवे, हे त्या जागेच्या हवेवर ठरते. आय.एस. २८७ या मानकाने हवेतल्या वर्षभराच्या सरासरी आर्द्रतेप्रमाणे देशाचे चार विभाग पाडले आहेत. कोरड्यात कोरड्या विभागात तुळया-वाशांना १२ टक्के ओल चालते, सर्वांत दमट विभागात २० टक्के, मधल्या दोन विभागांत १४ आणि १७. हैदराबादची हवा मधल्या पट्ट्यातली. पण उन्हाळा आणि पावसाळा यांतला फरक मोठा आहे. मे महिन्यात पारा चाळिशीला टेकतो, हवा कोरडी होते. जुलै-ऑगस्टात तीच हवा दमट होते. म्हणून आर्द्रता मोजणाऱ्या मीटरवर १४ टक्क्यांच्या आसपास आलेला नग अंबरपेठेत सुरक्षित म्हणावा. दोन सुया टोचून ओल दाखवणारा हा मीटर आता महाग नाही, आणि तो गिऱ्हाइकाने स्वतः न्यावा. सुया वरवरची ओल सांगतात, म्हणून नगाच्या टोकाकडे नव्हे तर मधे, आणि शक्य तर ताज्या कापावर मोजावे. नुकताच आणलेला माल घरी थप्पी लावून, थरांमध्ये पट्ट्या ठेवून, सावलीत आणि वाऱ्यात ठेवावा. टोकांना रंग किंवा मेण लावावे, कारण टोकांतून पाणी सर्वांत वेगाने जाते आणि चिरा तिथूनच सुरू होतात.

वाळलेले लाकूड पुन्हा ओले झाले नाही तर बुरशी त्याला लागत नाही. २० टक्क्यांच्या खाली ती वाढूच शकत नाही. म्हणून घराच्या सांगाड्यात लाकूड कुजते ते नेहमी ठरावीक जागी. त्यात पहिली जागा म्हणजे भिंतीत पुरलेले कडीचे टोक. बाहेरच्या भिंतीतून पावसाची ओल आत येते, टोक चुन्या-सिमेंटमध्ये सर्व बाजूंनी गच्च बसवलेले असते, त्याला श्वास घ्यायला जागा नसते. बाहेरून कडी ठणठणीत दिसते आणि आत टोकाचा भुसा झालेला असतो. आय.एस. ८८३ या बाबतीत स्पष्ट आहे. टोक टेकण्याची लांबी किमान ७५ मि.मी. असावी, आणि ते ज्या कोनाड्यात बसते तिथे हवा खेळती असावी, तो बंद केलेला नसावा. जुन्या घराची पाहणी करताना मधला झोळ मोजण्याआधी ही टोके स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहावीत. दुसरी जागा खांबाचा पाया. जुन्या सुतारांनी खांबाखाली दगडी उथळे घातले ते याच कारणाने. आजच्या खांबाला फरशीत पुरणे ही मागे जाणारी सुधारणा आहे. मुसीच्या काठचा भाग असल्याने अंबरपेठेत ओलीचा प्रश्न खरा आहे. २८ सप्टेंबर १९०८ च्या महापुराने हैदराबाद उद्ध्वस्त केले. त्यानंतर विश्वेश्वरय्यांच्या योजनेतून उस्मानसागर आणि हिमायतसागर झाले. तरीही अंबरपेठेला मलकपेठेशी जोडणारा मुसारामबागचा सखल पूल मोठ्या पावसात पाण्याखाली गेलेला आहे. नदीलगतच्या सखल घरांत तळमजल्याचा खांब जमिनीपासून उंच दगडी किंवा काँक्रीटच्या बैठकीवर, लोखंडी बुटात बसवणे हाच मार्ग.

वाळवी जमिनीतून मातीच्या नळ्या बांधत वर येते, म्हणून बैठक उंच आणि उघडी असेल तर नळी दिसते आणि मोडता येते. निसर्गतः टिकाऊ लाकूड कोणते, हे ठरवण्यासाठी लाकडाचे खुंट जमिनीत पुरून वर्षानुवर्षे पाहिले जातात. सरासरी दहा वर्षांहून जास्त टिकणारे पहिल्या वर्गात, पाच ते दहा वर्षे टिकणारे दुसऱ्या, पाचांच्या आतले तिसऱ्या. साग आणि साल यांचा गाभा पहिल्या वर्गात आहे, आंबा तिसऱ्यात. बाकीच्या लाकडांना प्रक्रिया हवी. यातला सर्वांत मोठा शोध भारतातला आहे. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंटी कामेशम यांनी १९३३ मध्ये तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांच्या क्षारांचे मिश्रण शोधले. लाकडात शिरल्यावर हे क्षार तिथेच घट्ट बसतात आणि पावसात धुपत नाहीत. जगभर तारांचे खांब त्यावर टिकले. मात्र त्यात आर्सेनिक आहे, म्हणून राहत्या घराच्या आत, हात लागेल अशा जागी ते वापरू नये. आतल्या कोरड्या कड्यांना बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचे द्रावण पुरेसे आणि सुरक्षित असते. ते पाण्याने धुपते, म्हणून छपराबाहेर निघालेल्या वाशांना ते उपयोगाचे नाही. ब्रशने वरून लावलेले कोणतेही औषध वरवरच राहते. नळकांड्यात दाब देऊन आत शिरवलेली प्रक्रियाच खरी, आणि तीही माप कापून, छिद्रे पाडून झाल्यावर करावी; नंतर कापलेली टोके पुन्हा उघडी पडतात.

आगीच्या भीतीने लाकूड नको म्हणणाऱ्यांची चिंता अर्धी खरी आहे. पुण्याचा शनिवारवाडा १८२८ मध्ये जळाला, आणि त्यात जुन्नरच्या जंगलातला साग होता. पण जाड लाकूड जळताना वर कोळशाचा थर धरते आणि आतला भाग काही काळ ओझे पेलत राहतो. जळण्याचा वेग मिनिटाला साधारण पाऊण मिलिमीटरच्या आत असतो. म्हणजे अर्ध्या तासात प्रत्येक उघड्या बाजूने वीसेक मि.मी. जातात. सहा-आठ इंची तुळईला तेवढ्यात बाहेर पडण्याचा वेळ देता येतो. तीन इंची कडीला देता येत नाही. पोटमाळ्याच्या बारीक कड्यांना खालून आगरोधक छताचे आवरण द्यावे ते यासाठीच.

सरकारी धोरणानेही या निवडीवर मोठा परिणाम केला आहे. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याने १९९३ मध्ये आपल्या इमारतींत लाकूड वापरण्यावर बंदी घातली ती जंगले वाचवण्यासाठी; २०२० मध्ये ती उठवली गेली. दरम्यान सत्तावीस वर्षांत सुतारांची एक अख्खी पिढी सांगाड्याचे काम न करताच म्हातारी झाली. जोडांची विद्या यामुळे पातळ झाली, आणि आज कडीपेक्षा कडी बसवणारा हात मिळणे अवघड आहे.

या सगळ्याचा विचार करता अंबरपेठेत सांगाड्यासाठी सर्वांत चांगले लाकूड बहुतेक वेळा वखारीत नसते. ते पाडायला काढलेल्या जुन्या घरांत असते. अशा घरांतल्या सागवानी कड्या जाड बुंध्यांच्या गाभ्याच्या असतात, पूर्ण वाळलेल्या असतात, आणि जो झोळ यायचा तो येऊन गेलेला असतो. त्यांची टोके कापून टाकावीत, मधे पाडलेल्या खाचा आणि खिळ्यांची भोके पाहावीत, नग टोचून आणि ठोकून तपासावा. बद्द आवाज आला तर आत पोकळ आहे असे समजावे. टोके कापल्याने लांबी कमी होते, म्हणून बारा फुटी जुनी कडी दहा फुटी गाळ्याला धरावी. जुने घर पाडण्याचा ठेका देताना मालक लाकूड ठेकेदाराला मलब्याबरोबर देऊन टाकतात आणि तोच माल पुढे घनफुटाच्या दराने विकला जातो. घर पाडण्याआधी कड्या, तुळया आणि खांब मोजून त्यांची यादी करावी, ठेक्यात लाकूड वेगळे लिहून घ्यावे, आणि नव्या घराच्या छपरासाठी किंवा माळ्यासाठी त्यातले काय लागेल हे अभियंत्याला आधी विचारावे.